सरायात आली, खिडक्या लावा: कुवेतमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

एप्रिलची दुपार होती. चारच्या सुमारास पश्चिमेकडून काळं भरून आलं, वारा पडला, घामाच्या धारा लागल्या. साताऱ्याकडे वाढलेल्या माणसाला या लक्षणांचा एकच अर्थ ठाऊक असतो, तो म्हणजे वळीव येतोय. दोरीवरचे कपडे काढायचे आणि खिडक्या सताड उघडायच्या, म्हणजे पहिल्या सरीचा मातीचा वास घरभर येतो. कुवेतमधल्या माझ्या पहिल्या वर्षी मी तेच केलं. दहा मिनिटांत समोरची इमारत दिसेनाशी झाली. आत आली ती धूळ, पिठासारखी बारीक. झोपलेल्या मुलीच्या पापण्यांवर तिचा पिवळसर थर बसला होता. तिचा खोकला पुढे तीन आठवडे गेला नाही.

मार्चमध्ये इथे नवीन कुटुंबं उतरतात तेव्हा मी त्यांना हे सगळं तोंडी सांगते. आता एकदा सविस्तर लिहून ठेवते, कारण फोनवर सांगताना नेमकी महत्त्वाची गोष्ट राहून जाते. ती अशी, की इथली धूळ एका प्रकारची नसते. कोणती आली आहे हे ओळखलं की काय करायचं ते आपोआप ठरतं. ओळख चुकली तर घाबरायच्या वेळी आपण निवांत बसतो आणि निवांत बसायच्या वेळी धावपळ करतो.

आधी ओळख: तीन धुळी

पहिली सरायात. मार्चअखेरपासून मेअखेरपर्यंतची अवकाळी वादळं, बहुधा दुपार उतरल्यावर किंवा रात्री येणारी. रात्री चालणं या अर्थाच्या अरबी शब्दावरून हे नाव पडलं असं इथले लोक सांगतात. ही आपल्या वळवाची चुलत बहीणच. महिने तेच, तापलेली जमीन तीच, ढगांचे मनोरे आणि गडगडाटही तसाच. फरक ढगाखालच्या हवेत आहे. इथे ती इतकी कोरडी असते की पावसाचे थेंब जमिनीवर पोचायच्या आत वाटेतच वाळून जातात. त्या बाष्पीभवनाने हवा गार होते, जड होते आणि धबधब्यासारखी खाली कोसळते. जमिनीवर आदळली की चहूकडे पसरते आणि पुढ्यातली सगळी माती उचलून उभी भिंत करते. म्हणून ढग एका बाजूला असतो आणि वारा भलतीकडूनच येतो. पाऊस मागून येतो, कधी गारांसकट, कधी येतच नाही. सगळा खेळ अर्ध्या तासापासून दीड-दोन तासांचा. पण या तिघींतली सर्वांत धोक्याची हीच, कारण तयारीला वेळ देत नाही.

दुसरी धूळ शमालची, म्हणजे उत्तर-वायव्येकडून येणाऱ्या वाऱ्याची. वसंतात भूमध्य समुद्राकडून थंड हवेचे पट्टे इराकवरून खाली सरकतात. पट्टा यायच्या आदल्या दिवशी आग्नेयेकडून समुद्रावरचा चिकट, दमट वारा सुटतो. त्याला इथे कौस म्हणतात. कौस सुटला, अंग चिकचिकायला लागलं, तापमान अचानक चढलं की समजावं, वारा उलटणार आहे. मग एकाएकी तो वायव्येला फिरतो, पारा झपकन उतरतो आणि दक्षिण इराकची धूळ येऊन पोचते. २५ मार्च २०११ ला अशाच एका पट्ट्याबरोबर आलेल्या भिंतीने उजेड असताना शहरात काळोख केला होता. त्या दिवशी इथे असलेली माणसं आजही तारखेनिशी आठवण काढतात. ही धूळ काही तास ते दिवसभर राहते, पण निदान आगाऊ कळते.

तिसरी तरंगती धूळ. हवामानखात्याच्या अरबी पत्रकात तिला आलिक, म्हणजे लटकलेली, म्हणतात. वारा थांबलेला असतो, वादळ संपलेलं असतं, पण आकाश दोन-तीन दिवस ताकासारखं पांढुरकं दिसतं आणि सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता येईल असं वाटतं (बघू नका). नवीन माणूस म्हणतो, चला, निवळलं, आणि मुलांना खाली खेळायला सोडतो. फुफ्फुसांना खरा त्रास हीच देते. जड कण केव्हाच खाली बसलेले असतात. हवेत उरतात ते बारीक, जे नाकात न अडकता खोल छातीत जातात.

बोलण्यात मात्र कोणी इतका भेद करत नाही. सगळ्याला गुबार म्हणतात, जुने कुवेती तोझ म्हणतात. इमारतीच्या हारिसने, म्हणजे राखणदाराने, सकाळी नुसतं "गुबार" म्हटलं तर कोणता, हे आपणच आकाशाकडे बघून ठरवायचं.

ही एवढी माती येते कुठून, असा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. बरीचशी दक्षिण इराकच्या सपाट गाळाच्या मैदानांतून येते. तिथल्या दलदली १९९० च्या दशकात मुद्दाम कोरड्या केल्या गेल्या, त्यात दुष्काळांची भर पडली. काही माती कुवेतच्या स्वतःच्या वाळवंटातली. निरोगी वाळवंटावर बारीक खड्यांचं कवच असतं आणि अर्फजसारखी झुडपं वाळू धरून ठेवतात. अर्फज हे कुवेतचं राष्ट्रीय झुडूप आहे. १९९०-९१ च्या युद्धात रणगाड्यांनी आणि खंदकांनी हे कवच मोडलं आणि पुढे दर हिवाळ्यात सहलीचे तळ ठोकणाऱ्यांच्या गाड्यांनी ते मोडतच राहिलं. तुम्ही कधी वाळवंटात गेलात तर आधी पडलेल्या चाकोरीतूनच गाडी न्या, ही माझी कळकळीची विनंती. कवच एका दिवसात मोडतं आणि भरून यायला वर्षानुवर्षं जातात.

पहिली पायरी: मार्चचे पहिले तीन आठवडे, घर

कुवेतमधल्या बहुतेक भाड्याच्या घरांना ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या असतात आणि धुळीचं खरं दार तेच. रात्री खोलीतला दिवा मालवून कोणाला तरी बाहेरून मोबाइलचा उजेड पाडायला सांगा. जिथून उजेड आत येतो तिथून धूळ येणार. हार्डवेअरच्या दुकानात चिकटपट्टी लावलेला स्पंज मिळतो, तो फटींवर बसवा. खालच्या खाचेत पाणी जायला भोकं असतात ती बुजवू नका, नाहीतर पावसाचं पाणी आत तुंबतं. त्यांच्यासमोर वादळापुरता ओला टॉवेल पिळून ठेवायचा. मुख्य दाराखालच्या फटीला ब्रशची पट्टी लावा. जिन्यातून येणारी धूळ लोक धरतच नाहीत, पण ती बरीच असते.

मग एसी. भिंतीवरचा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, त्यामुळे वादळात तो चालू राहिला तरी बाहेरची धूळ ओढत नाही. खिडकीतल्या जुन्या एसीला बाहेरची हवा घ्यायची एक छोटी कळ असते. ती बंद आहे का ते बघा, अनेकांना ती असते हेच माहीत नसतं. मध्यवर्ती एसी असेल तर छतावरच्या यंत्राला बाहेरची हवा घ्यायची वाट आहे का आणि जाळी शेवटची कधी धुतली, हे हारिसला विचारा. या तीन महिन्यांत घरातल्या जाळ्या दर पंधरा दिवसांनी धुवायच्या. एरवी महिन्यातून एकदा चालतं.

गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचं झाकण घट्ट बसतं का, हेही हारिसकडून बघून घ्या. न्हाणीघरातला बाहेर हवा टाकणारा पंखा बंद असताना त्याच्या पाती मिटतात का, ते स्वतः तपासा. बाल्कनीत जे काही हलकं आहे, म्हणजे प्लास्टिकच्या खुर्च्या, कुंड्या, कपड्यांचा स्टँड, ते एक तर आत घ्या किंवा कठड्याला बांधा. सातव्या मजल्यावरून उडालेली खुर्ची खाली माणसाच्या डोक्यावर जाते. यात आळस करू नका.

एक पिशवी दाराजवळ भरून ठेवायची. तिच्यात एन-९५ किंवा एफएफपी-२ दर्जाचे मास्क (कापडी मास्क मोठे कण अडवतो, बारीक धूळ नाही), डोळे धुवायचं निर्जंतुक पाणी, दमा असलेल्याचा इनहेलर, टॉर्च आणि पाणी. अशीच दुसरी पिशवी गाडीत.

दुसरी पायरी: रोज सकाळी पाच मिनिटं

कुवेतचं हवामानखातं नागरी विमानवाहतुकीच्या सरकारी विभागाच्या हाताखाली आहे. त्यांचा अंदाज अरबी आणि इंग्रजी दोन्हींत येतो. त्यात तापमानापेक्षा दोन गोष्टी वाचायला शिका: वाऱ्याची दिशा आणि दृश्यमानता. दिशा आग्नेयेवरून वायव्येला फिरणार असं लिहिलं असेल तर त्या वेळेला खूण करा. दृश्यमानता १,००० मीटरच्या खाली आली की जगभरचे हवामानशास्त्रज्ञ त्याला धुळीचं वादळ म्हणतात.

दुसरी युक्ती मला एका जुन्या इराकी शेजारणीने शिकवली आणि ती फार उपयोगी पडते. शमालची शक्यता असेल त्या दिवशी नासिरिया आणि बसरा इथलं हवामान बघायचं. नासिरिया कुवेत शहरापासून सरळ रेषेत साधारण २५० किलोमीटर, बसरा १२५ च्या आसपास. वारा ताशी ५० किलोमीटरचा असेल तर नासिरियातली धूळ पाचेक तासांत आपल्याकडे येते, बसऱ्यातली अडीच तासांत. तिथे दृश्यमानता पडली की आपल्याकडची वेळ मनातल्या मनात काढता येते. सरायातीसाठी मात्र नैर्ऋत्येकडे बघायचं, सौदी हद्दीतल्या हफर अल-बातिनच्या बाजूला, आणि अंदाजापेक्षा रडारचं चित्र बघायचं, कारण ही वादळं तासा-दोन तासांत तयार होतात. उपग्रहाच्या धूळ दाखवणाऱ्या रंगीत चित्रांत धूळ गुलाबी-जांभळी दिसते, रात्रीसुद्धा.

घरचं मापही करून ठेवा. तुमच्या खिडकीतून दिसणाऱ्या तीन ठिकाणांचं अंतर मोबाइलच्या नकाशावर मोजा: एखादा मनोरा ३०० मीटरवर, जमियाची (सहकारी दुकानाची) पाटी किलोमीटरभर, दूरची एखादी उंच इमारत पाच किलोमीटर. पाचवाली दिसत नसेल तर दमेकऱ्याने बाहेर जायचं नाही. किलोमीटरवाली दिसत नसेल तर कोणीच गाडी काढायची नाही. हे मी आमच्या घरात ठरवलेले नियम आहेत. तुमच्या घरातल्या माणसांच्या तब्येतीप्रमाणे तुम्ही ठरवा, पण ठरवून ठेवा. ऐन वेळी नवरा-बायकोत वाद घालायला वेळ नसतो.

जुन्या कुवेती घरात गेलात तर भिंतीवर डॉ. सालेह अल-उजैरी यांच्या नावाची दिनदर्शिका दिसेल. हे खगोलशास्त्रज्ञ फेब्रुवारी २०२२ मध्ये, शंभरी ओलांडून गेले. आपल्याकडे मृग, आर्द्रा अशी नक्षत्रं धरून पाऊस सांगतात तसे इथे ताऱ्यांच्या उगवण्यावरून ऋतूंचे तुकडे पाडलेले आहेत. सरायात त्यातलाच एक तुकडा, आणि ती संपली की जूनपासून बवारिह, म्हणजे उन्हाळी कोरडा वायव्य वारा. एखाद्या कुवेती सहकाऱ्याला याबद्दल विचारून बघा. इथे मोकळेपणाने बोलणं सुरू करायला याहून चांगला विषय मला सापडलेला नाही.

तिसरी पायरी: भिंत दिसली

क्षितिजावर तांबूस-भुरकट पट्टा उभा राहिलेला दिसला, किंवा उकाड्यात अचानक गार झुळूक लागली आणि तिला ओल्या मातीचा वास आला, तर हातात दहा ते वीस मिनिटं आहेत असं धरा. हाच तो वास, जो आल्यावर आपलं मन खिडकी उघडायला सांगतं. इथे तो खिडकी लावायचा इशारा आहे.

मुलं खाली खेळत असतील तर आधी त्यांना वर आणा, बाकी सगळं नंतर. मग खिडक्या, टॉवेल, बाल्कनी, या क्रमाने. पलंगांवर जुन्या चादरी अंथरा. स्वयंपाकघरातला आणि न्हाणीघरातला बाहेर हवा टाकणारा पंखा बंद करा. याचं कारण बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही: पंखा जेवढी हवा बाहेर टाकतो तेवढीच हवा खिडक्यांच्या फटींतून आत ओढली जाते, धुळीसकट. म्हणून गुबारच्या दिवशी तळण, फोडण्यांचा धूर काही नको. कुकरमध्ये मुगाची खिचडी लावावी. उदबत्ती, धूप, बखूर यांनाही त्या दिवशी सुट्टी द्या. बंद घरात तो धूर त्याच हवेत साठतो.

बाहेरून जेवणही मागवू नका. दुचाकीवर डबे पोचवणाऱ्या पोरांत आपल्याकडचे कितीतरी आहेत. त्या वाऱ्यात दुचाकी तोल धरत नाही.

समुद्रकिनाऱ्यावर फिरायला गेला असाल तर लगेच मागे फिरा. होडीत असाल तर परिस्थिती याहून गंभीर आहे: सरायातीचा वारा दिशा बदलत कुठूनही येतो आणि काही मिनिटांत ताशी ६० किलोमीटरच्या पुढे जातो. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर छोट्या होडीतून मासेमारीला जायचं आमंत्रण आलं तर नम्रपणे नाही म्हणा, कोकणातल्या माणसानेसुद्धा.

चौथी पायरी: गाडी चालवत असताना

इथे सावकाश वाचा.

ताशी १२० किलोमीटरच्या वेगाने गाडी दर सेकंदाला ३३ मीटर जाते. भिंतीच्या आत दृश्यमानता ५० मीटर असेल तर समोरची थांबलेली गाडी दिसल्यापासून आदळेपर्यंत दीड सेकंद मिळतो. तेवढ्यात माणसाचा पाय ब्रेकवर जेमतेम पोचतो. म्हणून भिंतीच्या आत गेल्यावर काय करायचं हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न आत जायचंच कशाला. पुढे रस्त्यावर भिंत दिसत असेल तर जो पहिला फाटा येईल तो घ्या, पेट्रोलपंपावर किंवा जमियाच्या वाहनतळावर थांबा. अर्धा-पाऊण तास थांबलात तर सरायातीचा बहुतेक जोर सरतो.

आत अडकलातच तर वेग हळूहळू कमी करा, एकदम ब्रेक नको. खालचा झोत लावा. वरचा झोत धुळीवर आपटून तुमच्याच डोळ्यांवर येतो. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लुकलुकत ठेवायची इथे फार सवय आहे. ती उचलू नका. मागच्याला तुम्ही थांबलात की चालताय ते कळत नाही आणि तुम्ही लेन बदलताय हे सांगायची सोयही जाते. लेन बदलायचीच नाही, उजव्या लेनमध्ये राहून फाट्याची वाट बघायची.

रस्त्याच्या कडेच्या पट्टीवर थांबावं का? आपल्याकडे हेच सांगितलं जातं. कुवेतमध्ये मात्र वाहतूक तुंबली की त्या पट्टीवरून भरधाव जाणारे लोक असतात, त्यामुळे ती पट्टी सुरक्षित नाही. थांबायचंच झालं तर डांबर सोडून जितकं उजवीकडे जाता येईल तितकं जा, हातब्रेक ओढा, सगळे दिवे बंद करा आणि पाय ब्रेकवरून काढा. दिवे बंद करणं विचित्र वाटतं, पण धुळीत आंधळा झालेला चालक पुढच्या लाल दिव्यांच्या मागे मागे येतो. तुमचे दिवे रस्त्याबाहेर असतील तर तो रस्त्याबाहेर येऊन तुमच्यावर आदळतो. पट्टा लावलेलाच ठेवा आणि गाडीतच बसा.

काही रस्त्यांबद्दल वेगळं सांगायला हवं. सालमी, अब्दली आणि वफ्राकडे जाणाऱ्या रस्त्यांवर वारा थांबल्यावरही वाळूच्या जिभा डांबरावर पसरलेल्या असतात. त्यांवर चाक घसरतं. शेख जाबेर पूल मे २०१९ मध्ये खुला झाला. त्याचा सुबियाकडे जाणारा ३६ किलोमीटरचा भाग बहुतेक खाडीवरूनच जातो आणि मधल्या दोन कृत्रिम बेटांखेरीज कुठे वळायला जागा नाही. वादळाचा इशारा असताना संध्याकाळची मजा म्हणून तिकडे जाऊ नका. धुळीमागून पाऊस आला तर भुयारी मार्ग टाळा. कुवेतचा वर्षाचा पाऊस सरासरी १२० मिलिमीटरच्या आतबाहेर असतो. त्यातला मोठा वाटा तासाभरात पडला तर पाणी जायला जागा नसते. नोव्हेंबर २०१८ मध्ये सगळ्या देशाने ते पाहिलं.

काचेवर धूळ किंवा चिखलाचे थेंब असताना कोरडे वायपर फिरवू नका, काचेवर कायमचे ओरखडे पडतात. आधी भरपूर पाणी फवारा. पाण्याची टाकी भरलेली आहे का, ते दर आठवड्याला बघत जा. अपघात झाला किंवा दिसला तर क्रमांक ११२.

वाळवंटात असाल तर

तळ ठोकायचा हंगाम मार्चच्या मध्याला संपतो, तरी लोक सहलीला जातात. तंबूत थांबू नका, गाडीत बसा. वीज चमकत असेल तर पत्र्याची बंद गाडीच सर्वांत बरी. वादी अल-बातिनसारख्या सखल भागातून वर या. वाऱ्याने वाळू सरकल्यावर जमिनीतून लोखंडाचा एखादा तुकडा डोकावताना दिसला तर त्याला हात लावायचा नाही, पायाने उलटायचाही नाही. १९९१ चे न फुटलेले सुरुंग आणि बॉम्ब अजूनही मधूनमधून सापडतात. मुलांना हे घरून निघण्याआधी सांगा.

पाचवी पायरी: शरीर

डोळ्यांत गेलं तर चोळू नका, स्वच्छ पाण्याने धुवा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी या महिन्यांत चष्मा जवळ बाळगावा. नाक धुवायला जलनेती उत्तम, पण नळाच्या पाण्याने कधीच नाही. उकळून कोमट केलेलं पाणी आणि मीठ, एवढंच. बाहेरून आल्यावर सोफ्यावर बसण्याआधी अंघोळ आणि डोक्यावरून पाणी, कारण केसांतली धूळ रात्री उशीवर उतरते आणि रात्रभर नाकात जाते.

दमा असलेल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. रोजचा प्रतिबंधक इनहेलर बरं वाटतंय म्हणून मार्चमध्ये बंद करू नका. तो चालू असेल तर धुळीचा झटका सौम्य जातो. त्रास वाढला, बोलताना वाक्य पुरं होईना, ओठ निळसर वाटले, तर धूळ निवळायची वाट बघत बसू नका, ११२ ला फोन करा. धूळ नसलेलं गडगडाटी वादळही निर्धोक समजू नका. डिसेंबर २०१६ मध्ये कुवेतमध्ये अशा वादळानंतर दम्याचे जीवघेणे झटके आले होते. ओलाव्याने परागकण फुटून त्यांचा चुरा हवेत पसरतो. ज्यांना दर वसंतात शिंका, डोळ्यांची खाज, रात्रीचा खोकला होतो त्यांनी आपल्या भागातल्या सरकारी दवाखान्यात दाखवून ॲलर्जीची तपासणी करून घ्यावी. ॲलर्जीसाठी वेगळं सरकारी केंद्रही आहे, शुवैख भागातलं अल-राशेद केंद्र.

उघड्यावर काम करणाऱ्यांचं दुखणं याहून मोठं आहे. बांधकामावर, परांचीवर, क्रेनखाली जी आपली माणसं आहेत त्यांना खिडकी लावून बसायची सोय नाही. तुम्ही अभियंता किंवा पर्यवेक्षक म्हणून आला असाल तर वारा वाढायच्या आत परांचीवरून माणसं उतरवणं तुमच्या हातात आहे. भिंत आल्यावर उतरायला सांगणं म्हणजे उशीर. मास्कची पेटी कोठाराच्या कुलपात ठेवू नका, कामाच्या जागी उघडी ठेवा.

शाळांचं म्हणाल तर शाळेचं परिपत्रक येईपर्यंत अफवांवर जाऊ नका. मे २०२२ मध्ये धुळीमुळे शाळा बंद ठेवल्या गेल्या आणि त्याच महिन्यात विमानतळही दोनदा थांबवावा लागला. मेमध्ये सुट्टीला गावी जाणार असाल तर मुंबईला उतरल्यावर लगेचची रेल्वे धरू नका, मध्ये एक दिवस ठेवा. औषधं हातातल्या सामानात.

सहावी पायरी: दुसऱ्या दिवशीची झाडलोट

झाडूला हात लावू नका. झाडूने बसलेली धूळ पुन्हा उठते आणि तीन तासांनी पुन्हा बसते, मधल्या वेळात ती तुमच्या छातीत असते. आकाश निळं दिसेपर्यंत खिडक्या उघडायच्या नाहीत. मास्क लावायचा, पलंगावरच्या जुन्या चादरी चारी टोकांनी आत दुमडत उचलायच्या, झटकायच्या नाहीत, तशाच मशिनमध्ये. मग वरून खाली: पंखे, कपाटांचे माथे, पडद्यांच्या दांड्या, मेज, शेवटी फरशी. फडकं ओलं आणि पिळलेलं, बादलीतलं पाणी सारखं बदलत. टीव्ही आणि लॅपटॉपचे पडदे कोरड्या कापडाने घासू नका, धुळीत वाळूचे कण असतात आणि ते चरे पाडतात. आधी हलका ब्रश, मग ओलसर मऊ कापड. खिडकीच्या खाचा जुन्या टूथब्रशने मोकळ्या करून व्हॅक्यूमने ओढून घ्या. शेवटी एसीच्या जाळ्या. गाडीची इंजिनची आणि आतल्या एसीची जाळी मोठ्या वादळानंतर उघडून बघावी.

बाल्कनीतला कढीपत्ता आणि तुळस विसरू नका. पानांवर धूळ बसली की ती गुदमरतात आणि मेच्या उन्हात दोन दिवसांत करपतात. सूर्य खाली गेला की फवाऱ्याने पानं वरून आणि खालूनही धुवायची, कुंडीखाली एक परात ठेवायची. पहिलं पाणी चहाच्या रंगाचं येतं. ते स्वच्छ येईपर्यंत धूत राहायचं.